होज बॉक्सला कुलूप लावावे का? सोसायटीची अग्निशमन यंत्रणा आणि कायदा

प्रश्न मुंबईच्या उपनगरातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींचा आहे. सोळा मजल्यांच्या दोन विंग. वर्षभरात होज बॉक्समधली, म्हणजे मजल्यावर आगीसाठीचा होज (पाण्याची जाड नळी) ठेवलेल्या पेटीतली, पितळी नोझल आणि कपलिंग (होज जोडायचे तोंड) दोनदा चोरीला गेली. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवले. आता कमिटीतले काही जण म्हणतात, सगळ्या बॉक्सना कुलपे लावू आणि चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू. शिवाय आवारातल्या हायड्रंटसमोर (आगीसाठीच्या पाण्याच्या जोडणीसमोर) गाड्या उभ्या असतात, गाड्या धुवायला त्याच हायड्रंटचे पाणी वापरले जाते आणि बाहेर रस्त्यावर पालिकेचा हायड्रंट होता तो पेव्हर ब्लॉकखाली गेला. यातले बेकायदा काय, जबाबदारी कोणाची, आणि संस्थेने काय करायचे?

कुलपाचा प्रश्न आधी निकालात काढू. कुलूप लावू नका. रात्री तीन वाजता अकराव्या मजल्यावर आग लागली, लिफ्ट बंद झाली, तर चावी घेऊन वॉचमन अकरा मजले चढून येईपर्यंत कोणी थांबणार नाही. एवढेच कारण पुरेसे आहे. पण मी अग्निशमन दलात नोकरी केली आणि आता निवृत्तीनंतर सोसायट्यांच्या यंत्रणा तपासतो, त्या अनुभवातून दुसरेही एक सांगतो, जे कमिटीला फारसे आवडणार नाही. चोराने नेलेल्या नोझलमुळे तुमच्या इमारतीला जेवढा धोका आहे, त्याहून मोठा धोका बहुतेक वेळा इमारतीतल्याच लोकांनी यंत्रणेला केलेल्या ‘छोट्या सोयीं’मुळे असतो. कायद्याची भाषा पाहिली तर तोही या दोघांत फरक करत नाही.

महाराष्ट्रात हा विषय ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याखाली येतो. डिसेंबर २००८ पासून तो लागू आहे, नियम २००९ चे आहेत. इमारतीत आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणे आणि ती सतत चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची, आणि मालक सापडत नसेल तर भोगवटादाराची जबाबदारी, असे कलम ३ सांगते. सोसायटीच्या बाबतीत व्यवहारात ही जबाबदारी व्यवस्थापक समितीच्या गळ्यात येते. याच कलमाचे चौथे पोटकलम तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. इमारतीत बसवलेल्या आगप्रतिबंधक किंवा जीवसंरक्षक उपकरणाशी कोणीही छेडछाड करायची नाही, त्यात बदल करायचा नाही, ते काढायचे नाही, त्याला नुकसान पोहोचवायचे नाही आणि दुसऱ्याला तसे करायला उद्युक्तही करायचे नाही. ‘कोणीही’ म्हणजे चोर, भाडेकरू, फ्लॅटमालक, इंटिरियरवाला, प्लंबर, आणि हो, सेक्रेटरीसुद्धा. कलम ३६ खाली शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षे सक्तमजुरी आणि २० हजार ते ५० हजार रुपये दंड अशी आहे. गुन्हा चालूच राहिला तर रोजचा दंड वेगळा. इमारत धोकादायक वाटली तर ती रिकामी करून सील करण्यापर्यंतचे अधिकार मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला आहेत.

आता ‘बदल करायचा नाही’ हे शब्द घेऊन तुमच्याच इमारतीत एक फेरी मारा. जिन्याजवळच्या डक्टमधून वर गेलेल्या लाल पाइपला कुणी टी लावून साधा नळ काढला आहे का? गच्चीवर झाडांना पाणी घालायला असा नळ मी अनेकदा पाहिला आहे. मजल्यावरच्या होज बॉक्ससमोर चपलांचे कपाट आहे का? बॉक्सचे दार अर्धेच उघडत असेल तर तो बॉक्स असून नसल्यासारखा. एखाद्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलरची टोके काढून पाइपला प्लग मारला आहे का, किंवा रंगाऱ्याने त्यांच्यावरच रंग फासला आहे का? रंगाचा थर बसला की स्प्रिंकलर उशिरा फुटतो किंवा फुटतच नाही. इंटिरियरचे काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून स्मोक डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, आणि काम संपल्यावर ती तशीच राहते. यातला प्रत्येक प्रकार कलम ३(४) मध्ये बसतो. सभासदाला नोटीस देताना हे कलम लिहा. ‘सोसायटीच्या नियमांनुसार’ असे मोघम लिहिले की माणूस वाद घालतो.

आणि मग पंपरूममध्ये जा. तिथे एक पॅनल असेल, त्यावर ऑटो, मॅन्युअल आणि ऑफ असा स्विच असेल. तो ऑटोवर असेल तर तुम्ही अपवाद आहात. पाइपलाइनला कुठेतरी गळती असते, दाब उतरतो, मग लाइनमधला दाब राखणारा छोटा जॉकी पंप दर दहा मिनिटांनी घुर्र करून चालू होतो. खालच्या मजल्यावरचे रहिवासी तक्रार करतात, वीज बिल वाढते, आणि कुणीतरी स्विच ऑफवर टाकतो. गळती तशीच. लाइन हळूहळू रिकामी होते. मग सगळ्या मजल्यांवर नवीकोरी नोझल चकचकीत असली तरी व्हॉल्व्ह उघडल्यावर फुसकन हवा येते. ताडदेवच्या २० मजली इमारतीत २२ जानेवारी २०२२ रोजी आग लागून माणसे गेली, तेव्हा इमारतीत यंत्रणा होती पण ती चालत नव्हती, हेच अधिकाऱ्यांनी सांगितले होते. म्हणून म्हणतो, चोरीने तुम्ही हादरलात ते बरोबरच आहे, पण बंद पंप कोणाच्या नजरेलाही येत नाही.

कुलूप लावायचेच असेल तर त्याची खरी जागा इथे आहे. पंपाच्या सक्शनचा (पाणी ओढणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह, रायझरवरचा (वर जाणाऱ्या लाल पाइपवरचा) मुख्य व्हॉल्व्ह, गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या डाउन कमरचा व्हॉल्व्ह हे सगळे पूर्ण उघडे ठेवून त्यांच्या चाकांना साखळी घालून कुलूप लावा. उघड्या अवस्थेत, हे महत्त्वाचे. म्हणजे टाकी धुवायला आलेला माणूस डाउन कमर बंद करून विसरून जाणार नाही. चावी पंपरूममध्येच काचेच्या छोट्या पेटीत आणि दुसरी केबिनमध्ये. पॅनलच्या स्विचला पारदर्शक झाकण बसवून त्याला सील लावा. हा खर्च किरकोळ आहे.

चोरीकडे परत येतो. चोराला तुमच्या नोझलमध्ये रस नाही, त्यातल्या धातूत आहे. पितळ आणि गनमेटलला भंगारात चांगला भाव मिळतो. बहुतेक वेळा तो नोझल काढतोच, शिवाय होजच्या दोन्ही टोकांची कपलिंग ब्लेडने कापून नेतो, म्हणजे पंधरा मीटरचा होजही वाया जातो. लँडिंग व्हॉल्व्हचे (मजल्यावर होज जोडायच्या व्हॉल्व्हचे) चाक आणि साखळीतले झाकण हेही जाते. गेटजवळच्या फायर ब्रिगेड इनलेटची (जिथून बंब इमारतीच्या पाइपमध्ये पाणी ढकलतो त्या तोंडांची) झाकणे गेली तर त्याकडे तातडीने बघा. उघड्या तोंडातून मुले दगड, बाटल्यांची बुचे, कागद कोंबतात, ते आतल्या, पाणी उलटे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये अडकतात, आणि बंबाने पाणी ढकलले तरी ते वर जात नाही.

नवे सामान घेताना भारतीय मानकांत बसणारे स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे नोझल आणि कपलिंग घेता येते. पितळेएवढा भंगाराचा मोह त्यात नाही, विशेषतः ॲल्युमिनियममध्ये. कपलिंग आणि ब्रँच पाइपसाठी (नोझल बसवायच्या नळीसाठी) आयएस ९०३, होजसाठी आयएस ६३६, लँडिंग व्हॉल्व्हसाठी आयएस ५२९०. बिलावर हे क्रमांक आणि वस्तूवर आयएसआय खूण आहे का ते पाहा. बाजारात पिवळ्या रंगाचे प्लॅस्टिकचे नोझलही मिळते, कमिटीतला कुणीतरी ‘हे कोण चोरणार’ म्हणून सुचवेल. तसला स्वस्त माल तपासणीत नापास होतो आणि खऱ्या दाबाखाली हातात टिकत नाही. प्रत्येक वस्तूवर विंगचे नाव आणि मजला कोरून घ्या. कोरलेला माल भंगारवाला उघड घ्यायला कचरतो, आणि सापडलाच तर ओळख पटते.

बॉक्सला कुलपाऐवजी नंबर असलेले प्लॅस्टिकचे सील लावा. हाताने ओढले की तुटते, चावी लागत नाही. वॉचमन रात्रीच्या फेरीत सील पाहतो आणि वहीत नंबर लिहितो. तुटलेले दिसले की त्याच दिवशी कळते, सहा महिन्यांनी नाही. थोडा अधिक खर्च करायची तयारी असेल तर दाराला मॅग्नेटिक स्विच लावून केबिनमध्ये बझर काढा. आधीच कुलपे बसवून झाली असतील आणि लगेच काढता येत नसतील, तर निदान प्रत्येक बॉक्सशेजारी काच फोडून चावी काढायची पेटी त्याच मजल्यावर हवी. मला ती तात्पुरती तडजोड म्हणूनच मान्य आहे.

आता पोलीस. तुम्हाला एनसी का मिळाली, याचे कारण बहुधा तुमच्या तक्रारीच्या मसुद्यात आहे. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीचे कलम ३०३(२) आहे, आणि मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो अदखलपात्र धरला जातो. ‘चार नोझल गेली, अंदाजे किंमत साडेतीन हजार’ असे लिहून दिले की ठाणे अंमलदार एनसी लिहून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी तो चुकीचाही नसतो. पण माणसे राहतात त्या इमारतीतून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये येते. तिथे ५,००० ची अट नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. तुमच्या मजल्यांवरच्या लॉबीतून चोरी झाली, म्हणजे ती राहत्या इमारतीतलीच. कापलेल्या होजचे नुकसान वेगळे. ते २० हजार ते एक लाख रुपयांच्या दरम्यान असेल तर कलम ३२४(४), दोन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून तक्रारीत मजलानिहाय यादी द्या, प्रत्येक वस्तूची नवी खरेदी किंमत लिहा, जुनी बिले आणि लायसन्स्ड एजन्सीचे (अग्निशमन यंत्रणेचे काम करणाऱ्या परवानाधारक कंपनीचे) कोटेशन जोडा, आणि शेवटी अग्निशमन कायद्याचे कलम ३(४) नोंदवा. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला, दोन्हींवर पोचशिक्का. कलम ३(४) वरची पुढची कारवाई अग्निशमन अधिकाऱ्याच्या हातातली आहे, पण त्याच्या टेबलावर तुमचा कागद पोहोचला तरच.

पोलीस ठाण्याने तरीही नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ वापरा. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद घेतली नाही तर १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे, मुंबईत परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, लेखी पाठवायची आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. माझा अनुभव असा की यादी आणि बिले व्यवस्थित लावलेली तक्रार क्वचितच तिथपर्यंत जाते.

पार्किंग हा तुमचा खरा कठीण प्रश्न आहे, कारण इथे समोरचा माणूस चोर नाही, शेजारी आहे. आधी एक गैरसमज दूर करू. हायड्रंट अडवून गाडी उभी करायची नाही, हे देशाच्या १९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्ट शब्दांत होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमावलीनेही अडथळा होईल असे पार्किंग बंदच ठेवले. पण वाहतूक पोलीस ते रस्त्यावर लागू करतात. तुमच्या कंपाउंडच्या आत ते येऊन टोइंग करतील ही अपेक्षा ठेवू नका. आतल्या जागेला लागू होतो तो मंजूर नकाशा आणि अग्निशमन दलाची एनओसी. बंबासाठी दाखवलेली मोकळी जागा पार्किंग म्हणून रंगवली असेल तर ती एनओसीची अट मोडणे आहे, आणि त्याला गाडीमालकाइतकीच ती जागा वाटून देणारी कमिटी जबाबदार आहे. वर्षाला पार्किंग शुल्क घेऊन पावती दिली असेल तर विचारूच नका, पुरावा तुम्हीच छापून ठेवला आहे.

ही जागा एवढी का लागते, हे सभेत नीट सांगा. लोक ‘बंब काय, कसाही निघेल’ अशा समजुतीत असतात. राष्ट्रीय इमारत संहिता गेट किमान ६ मीटर रुंद मागते, गेटवर कमान असेल तर साडेचार मीटर मोकळी उंची मागते, वळण्यासाठी ९ मीटर त्रिज्या मागते आणि २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे ४५ टन वजन पेलणारा पृष्ठभाग मागते. शिडीच्या गाडीला नुसते आत येऊन चालत नाही, चारही पाय बाहेर पसरून उभे राहावे लागते. त्या पायाखाली एक मोटार आली की शिडी उघडत नाही, आणि त्या पायाखाली भूमिगत टाकीचे कमकुवत झाकण आले तर गाडीच कलंडते. सोळाव्या मजल्यावर अडकलेल्यांसाठी ही शिडीच बऱ्याचदा शेवटचा उपाय असतो.

तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. इनलेटसमोरची, आवारातल्या हायड्रंटसमोरची आणि बंबाच्या मार्गातली जागा नकाशावर लाल रंगाने दाखवून ठरावाला जोडा, जमिनीवर पिवळे पट्टे मारा, वाटप केलेली पार्किंगे रद्द करून पर्यायी जागा द्या. न्यूयॉर्कमध्ये हायड्रंटपासून १५ फूट अंतरात गाडी लावता येत नाही. आपल्या नियमांत असे अंतर फुटांत दिलेले नाही, त्यामुळे ‘मी तर बाजूला लावली आहे’ हा वाद कायम होतो. ठरावातच अंतर लिहून टाका. हायड्रंटचे दार पूर्ण उघडून दोन माणसे होज जोडू शकतील आणि होज काटकोनात न मुडपता बाहेर काढता येईल, एवढी जागा. दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर धरले तर काम होते. हा माझा व्यवहारातला आकडा आहे, कायद्यातला नव्हे. ठराव मोडणाऱ्याला उपविधींप्रमाणे दंड लावा आणि दुसऱ्यांदा मोडला तर त्याचे नाव व गाडीचा फोटो अग्निशमन केंद्राला पाठवा. केंद्राचे पत्र आले की भांडखोर सभासदही गाडी हलवतो. आग लागलीच तर वाटेतली वाहने हटवण्याचा, दारे तोडण्याचा, रस्ता बंद करण्याचा अधिकार जवानांना आहे, आणि ते तुमच्या काचेची किंमत विचारत बसणार नाहीत. बाहेर रस्त्यावर बंबाला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, हेही सूचनाफलकावर लिहा.

गाड्या धुण्याबद्दल थोडक्यात सांगितले असते, पण मुंबईत पाणीटंचाईच्या महिन्यांत हा प्रकार फार वाढतो. आगीसाठीची टाकी वेगळी असते किंवा एकाच टाकीत तेवढा साठा राखीव असतो, आणि घरगुती पंपाचा सक्शन त्या पातळीच्या वर ठेवलेला असतो. टँकर उशिरा आला की प्लंबर सक्शन पाइपला एक तुकडा जोडून तो खाली नेतो. पुन्हा तेच, ‘बदल’. गाडी धुताना व्हॉल्व्ह उघडला की दाब उतरतो, मोठा पंप सुरू होतो, माणसे घाबरतात, मग कुणीतरी तो ऑफवर टाकतो, आणि आपण वर सांगितलेल्या जागी परत येतो. शिवाय ओला होज तसाच गुंडाळून बॉक्समध्ये ठेवला तर तो आतून कुजतो आणि घडीवर फाटतो. धूलिवंदनाला याच होजने रेन डान्स करणाऱ्या सोसायट्या मला ठाऊक आहेत. दुसऱ्या दिवशी होज वाळत घालणारी एकही पाहिली नाही. पाणी शिळे होते म्हणून वापरतो, असा युक्तिवाद येईल. त्याला उत्तर असे की महापालिकेचे पाणी आधी आगीच्या टाकीत आणि तिथून भरून वाहत घरगुती टाकीत जाईल, अशी जोडणी मुळात असायला हवी. तशी नसेल तर ती लायसन्स्ड एजन्सीकडून करून घ्या. पाणी आपोआप बदलत राहते.

लायसन्स्ड एजन्सीचा उल्लेख आला म्हणून फॉर्म बी. कायद्यानुसार यंत्रणेचे काम फक्त परवानाधारक एजन्सीच करू शकते. नाक्यावरच्या प्लंबरने रायझरला हात लावला तर तोही गुन्हाच. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र फॉर्म बी मध्ये एजन्सीने द्यायचे आणि ते भोगवटादाराने अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचे. हा फॉर्म व्हॉट्सॲपवर पैसे पाठवून घरबसल्या मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. असा कागद फायलीत ठेवण्यापेक्षा नसलेला बरा, कारण आगीनंतर पोलीस पहिल्यांदा तोच मागतात, आणि त्याखाली तुमचीही सही असते. विमा कंपनीही तोच मागते.

तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि एकच गोष्ट करून घ्या. सर्वांत वरच्या मजल्याच्या हायड्रंटला प्रेशर गेज लावून पाणी सोडायला सांगा. पंप चालू असताना तिथे साडेतीन बार दाब दिसला पाहिजे. त्याच वेळी खाली एक माणूस उभा ठेवा, पंप आपोआप सुरू झाला की कोणी बटण दाबले ते कळेल. गेजचा फोटो तारखेसह फॉर्म बी ला जोडा. गेज आणायला टाळाटाळ करणारी एजन्सी बदला. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे.

रहिवाशांना प्रशिक्षण देताना मोठ्या होजवर भर देऊ नका. ६३ मिलिमीटरचा होज पूर्ण दाबाखाली एकट्या, न शिकलेल्या माणसाला आवरत नाही, नोझल हातातून सुटले तर तेच डोके फोडेल. रहिवाशांसाठी असते ती भिंतीवरची होज रील, बारीक रबरी नळीची. ती ओढायची, कॉक उघडायचा, एकटा माणूस वापरू शकतो. विजेच्या आगीवर मात्र मुख्य स्विच बंद केल्याशिवाय पाणी मारायचे नाही. तुमच्या चोरीच्या यादीत होज रीलचे नोझल आहे का, हे प्रश्नात लिहिलेले नाही. असेल तर सगळ्यात आधी ते बदला. जवान स्वतःचे होज आणि ब्रँच घेऊन वर चढतात, त्यांना तुमच्याकडून हवा असतो चालणारा व्हॉल्व्ह आणि पाण्याचा दाब. सोसायटीकडे पैसे थोडे असतील तर खर्चाचा क्रम मी यावरूनच लावतो: पंप आणि गळती, मग होज रील, मग इनलेटची झाकणे, आणि त्यानंतर मजल्यांवरची मोठी नोझल.

राहिला रस्त्यावरचा हायड्रंट. मुंबईत असे सुमारे दहा हजार हायड्रंट नोंदीत आहेत आणि त्यातले बहुसंख्य निकामी असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. कारणे ठरलेली. डांबराचे थर, काँक्रीटीकरण, फुटपाथवरची दुकाने, आणि मुळात ठरावीक तासच येणारे पाणी. जमिनीखालचा हायड्रंट शाबूत असला तरी पाण्याची वेळ नसेल तर त्यात दाब नसतो. म्हणूनच आपल्याकडे मोठ्या आगीला टँकरची रांग लागते. हे खरे असले तरी तुमच्या दारातला हायड्रंट सोडून देऊ नका. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ हायड्रंट बसवण्याची आणि जवळच्या भिंतीवर त्याची खूण ठेवण्याची जबाबदारी महापालिकेवर टाकतो. जुन्या भिंतींवर ‘एच’ किंवा ‘एफएच’ लिहिलेली पाटी अजून दिसते, तुमच्या कंपाउंडवर असेल तर तिच्यावर रंग देऊ नका, ती तुमचा पुरावा आहे. वॉर्डच्या जल खात्याच्या सहायक अभियंत्याला पत्र द्या, हायड्रंट कुठे होता ते पेव्हर ब्लॉक बसण्यापूर्वीच्या फोटोसह दाखवा, भिंतीपासूनचे अंतर मोजून लिहा, आणि प्रत स्थानिक अग्निशमन केंद्राला द्या. मागणी एका ओळीची ठेवा: चेंबरचे झाकण आजच्या फुटपाथच्या पातळीला उचलून द्यावे. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी चालू असेल तर ते काम त्याच्याच खर्चाने होते, म्हणून उशीर करू नका.

तो हायड्रंट जर कोणी मुद्दाम फोडला किंवा त्याचे भाग नेले, तर प्रकरण अधिक गंभीर आहे. महापालिकेच्या मालमत्तेची चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्येच येते. शिवाय सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा, १९८४ पाणीपुरवठ्याच्या जोडण्यांना विशेष संरक्षण देतो, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे सक्तमजुरी. गणपती किंवा नवरात्राच्या मंडपाचा खांब झाकणावर आला तर मात्र पोलिसांकडे धावू नका. मंडळाच्या कार्यकर्त्यांना अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यासमोर बसवा. मंडप परवानगीत त्या केंद्राचा ना-हरकत दाखला लागतोच, आणि खांब दोन फूट सरकवायला एक संध्याकाळ पुरते, फक्त हे मंडप उभा राहण्याआधी करायला हवे.